पर्सन ऑफ इंटरेस्टमधल्यासारखी गुन्हा आधीच सांगणारी मशीन खरंच होऊ शकते का? (पैज लागलीय)

भरतीवाला_लातूर

राम राम मंडळी. आम्ही तिघं रूमवर राहून पोलिस भरतीची तयारी करायलोय. सकाळी ग्राउंड, दुपारी लायब्ररी आणि रात्री जेवण झालं की पार्टनरच्या मोबाईलवर एक जुनी अमेरिकन सिरीयल, पर्सन ऑफ इंटरेस्ट. २०११ ला सुरू झाली, २०१६ ला संपली, पाच सीझन, १०३ एपिसोड, आम्ही आत्ता कुठं दुसऱ्या सीझनला आहोत त्यामुळं शेवट कुणी सांगू नका, हात जोडतो.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी: ९/११ नंतर एक माणूस सरकारला एक मशीन बनवून देतो, ती सगळे कॅमेरे बघते, फोन ऐकते, ईमेल वाचते आणि कुठं काय घडणार ते आधीच ओळखते. दहशतवादी हल्ला असला तर सरकारला कळवते, बाकी साधे खूनबिन सरकारच्या लेखी बिनकामाचे. त्या बिनकामाच्या यादीतला एकेक नंबर हीरोला मिळत राहतो, आपल्या आधारसारखा नंबर. बस, नंबरच. हा माणूस मारणार आहे का मरणार आहे ते पण मशीन सांगत नाही, ते ह्यांनी शोधायचं.

तर पार्टनर म्हणतो दहा वर्षांत हे आपल्याकडं येतंय बघ. मी म्हणलं लेका, आपल्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर कधी जळणार ते कुणाला सांगता येईना आणि खून सांगणार. पैज लागली, हरणाऱ्यानं सगळ्यांना गंजगोलाईत भजे. टेक्निकलवाले कोण असतील तर सांगा, नुसतं मत नको.

कॅमेरेवाला_बीड

टेक्निकल म्हणजे एवढं नाही, पण कॅमेरे बसवायचा धंदा आहे माझा, दुकानं, शाळा, ग्रामपंचायती, सगळं. सिरीयलीत ते झूम करून करून चेहरा काढतात ना, ते बघून हसूच येतं.

हिशोब सांगतो. गावात लोकवर्गणीतून जो कॅमेरा बसतो तो बहुतेक दोन मेगापिक्सलचा, म्हणजे आडवे १९२० ठिपके. वेशीवर लावला की सरपंच म्हणणार सगळा चौक दिसला पाहिजे, मग लेन्स रुंद. अशा लेन्समधी वीस मीटरवर साधारण तेहतीस-चौतीस मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, म्हणजे मीटरला ५५-६० ठिपके. माणसाचं तोंड रुंदीला वीतभर पण नाही, त्याच्या वाट्याला आले आठ-दहा ठिपके. आठ ठिपक्यात तुमचा मशीनवाला काय ओळखणार, मला माझा सख्खा भाऊ ओळखू येत नाही. अनोळखी माणसाची ओळख पटवायची तर मीटरला २५० तरी ठिपके धरतात.

रात्रीचं तर विचारूच नका. गाडीचा हेडलाईट थेट आला की नंबर प्लेट पांढरीफट. आणि कोळी! रात्री कॅमेऱ्यातले ते न दिसणारे लाल दिवे लागतात, त्याच्यावर किडे येतात, किड्यांच्या मागं कोळी येतो, लेन्सवर जाळं, आणि ते जाळं वाऱ्यानं हललं की मालकाच्या मोबाईलवर अलार्म. एका अडत्याला एका रात्रीत पावणेतीनशे अलार्म गेलते. चौथ्या दिवशी त्यानं नोटिफिकेशन बंद केलं, दहाव्या दिवशी दुकान फुटलं. फुटेज? चोर डीव्हीआरच, म्हणजे रेकॉर्डिंग साठवायचा डबाच, उचलून घेऊन गेले 😂

किल्लारीकर

कॅमेऱ्याचं बरोबर आहे पण ती अडचण पैशानं सुटते, चांगला कॅमेरा घ्या, जास्त कॅमेरे लावा. आणि नुसतं ‘सगळं गोळा करणं’ म्हणाल तर तो भाग खरा निघालाच की, सिरीयल सुरू झाल्यावर दोन वर्षांनी, जून २०१३ मध्ये, तिथल्या गुप्तचर खात्यासाठी काम केलेल्या स्नोडेननं अमेरिकेच्या पाळतीचे कागद बाहेर काढले. खरी गोम पुढं आहे. मी पुण्यात डेटाचंच काम करतो, मूळ औसा तालुका.

अमेरिकेत प्रेडपोल नावाचं सॉफ्टवेअर होतं. शहराचे ५०० फूट बाय ५०० फूट चौकोन पाडायचे आणि आज कोणत्या चौकोनात चोरी व्हायची शक्यता जास्त ते पोलिसांना द्यायचं. माणसाचं नाव नाही, फक्त जागा. आता ह्याच्यातलं गणित कुठून उचललंय सांगा? भूकंपाच्या पश्चात धक्क्यांवरून! एक घर फुटलं की आजूबाजूची घरं काही दिवसांत फुटायची शक्यता वाढते, मोठ्या धक्क्यानंतर छोटे येतात तशी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून बसलो होतो थोडा वेळ. ३० सप्टेंबर १९९३ ला मी सहा वर्षांचा होतो, विसर्जनाची रात्र, पहाटे चारच्या सुमाराला ते झालं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचो, जमीन गुरगुरली की आजी चूल विझवायची. पश्चात धक्के काय असतात ते मला कुणी शिकवायची गरज नाही.

पण फरक बघा. भूकंपाचं यंत्र खाली वाडा आहे का झोपडी ते बघून नोंद करत नाही. धक्का बसला की रेघ उमटते. चोरीचं तसं नाही, कुणीतरी ठाण्यात गेलं पाहिजे, त्याला बसवून घेतलं पाहिजे, एफआयआर लिहिला पाहिजे, आणि जिथं गस्त जास्त तिथं सापडणारही जास्त. म्हणजे मशीन शिकते ते गुन्हे कुठं होतात हे नाही, पोलिस कुठं जातात हे. मग ती पोलिसांना परत तिथंच पाठवते, तिथं परत चार जण सापडतात, मशीन म्हणते बघा मी म्हणलं होतं.

आणि निकाल काय आला? न्यू जर्सीत प्लेनफिल्ड नावाचं गाव आहे, तिथले २०१८ चे अंदाज पत्रकारांनी नंतर तपासले, २३,६३१ अंदाज, जुळले १०० पेक्षा कमी. अर्धा टक्का पण नाही. लॉस एंजेलिस पोलिसांनी २०२० ला ते बंद केलं, सांताक्रूझ शहरानं तर त्याच वर्षी असल्या अंदाजी पोलिसिंगवरच बंदी घातली.

भरतीवाला_लातूर

भाऊ हे वाचून पार्टनर गप होता पाच मिनिटं, आता म्हणतो ते जुनं सॉफ्टवेअर होतं, आता एआय आलंय. आपल्या राज्य सरकारनं पण २०२४ ला नागपूरला मार्व्हल म्हणून पोलिसांसाठी एआयची कंपनी काढली, मग ती काय उगाच का? म्हणतो समज मशीन ९९ टक्के बरोबर असली तर?

किल्लारीकर

तपासाला एआय वापरणं वेगळं, कागद वाचायला, फोनचे रेकॉर्ड जुळवायला, त्याला कोण नाही म्हणतंय. गुन्हा झाल्यावर शोधणं आणि व्हायच्या आधी माणूस सांगणं ह्यात जमीन अस्मानाचा फरक आहे.

९९ टक्क्याचं घ्या. लातूर शहर ढोबळ चार लाख धरू. समजा येत्या महिन्यात त्यातले १०० जण काहीतरी गंभीर करणार आहेत. मशीन त्यातले ९९ पकडते, मस्त. पण उरलेल्या ३,९९,९०० सरळ माणसांत पण ती एक टक्का चुकतेच की, म्हणजे ३,९९९ जण फुकट यादीत. यादी झाली ४,०९८ ची, खरे ९९. दर एक्केचाळीस जणांत एक. पार्टनरला विचारा, भरती झाल्यावर त्या एक्केचाळीस जणांच्या दारात तू जाणार का. सिरीयलमधली मशीन कधी चाळीस रिकामे नंबर देत नाही, बघणारा झोपून जाईल. आणि ९९ टक्के तर लांबच राहिलं, दिल्लीत २०१८ ला चेहरा ओळखायच्या सिस्टीमची अचूकता हायकोर्टात दोन टक्के सांगितली होती, ते पण हरवलेली लेकरं शोधायच्या कामात.

एक गोष्ट मात्र सिरीयलवाल्यांनी जबरी पकडलीय, ती ‘मारणार का मरणार माहीत नाही’ वाली. शिकागो पोलिसांची खरंच अशी यादी होती, माणसाला ० ते ५०० स्कोअर, आणि तो स्कोअर नेमका हेच सांगायचा की हा गोळीबारात सापडण्याची शक्यता किती, गोळी मारणारा म्हणून का खाणारा म्हणून ते नाही. फरक एवढाच की सिरीयलीत हीरो त्या माणसाला वाचवायला जातो. शिकागोच्या यादीवर २०१६ ला अभ्यास झाला, त्यात दिसलं की यादीतल्या लोकांना गोळी लागायचं काही कमी झालं नाही, अटक व्हायचं मात्र वाढलं.

हवालदाराचं_पोरगं

परभणी. वडील रिटायर झाले, तीस वर्षं बीट. त्यांना हे सगळं वाचून दाखवलं तर म्हणले, ‘एवढ्यासाठी मशीन कशाला लागती.’ सोयाबीन घरात आलं की मोंढ्यातून पैसे घेऊन जाणाऱ्यांवर लक्ष ठेवायचं. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या की तांड्यावर, वाडीवर म्हाताऱ्या आणि कुलपं राहतात, तिकडं गस्त वाढवायची. नवरात्रात तुळजापूरला खिसेकापू. उन्हाळ्यात विहिरीवरच्या मोटारी आणि तांब्याची वायर. हे अंदाज बीट हवालदार चुकत नाही, कारण ते जागेचे आणि दिवसाचे असतात, माणसाचे नसतात.

आणि माणसाचं म्हणाल तर ते पण आहे, कायद्यातच आहे. गणपती आला, इलेक्शन आलं की यादी काढायची आणि चॅप्टर केस करायच्या. पूर्वी सीआरपीसी, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम १०७, ११० म्हणायचे, आता नव्या कायद्यात १२६, १२९. त्यानं केलं काही नसतं, करू शकतो म्हणून बाँड लिहून घ्यायचा. वर तडीपारी आहेच. यादीत कोण? मागच्या वर्षीच्या यादीतला. वडील स्वतः सांगतात, एक जण वारून दोन वर्षं झाली होती तरी त्याच्या नावानं नोटीस निघाली, हे घेऊन गेले तर बायको म्हणली साहेब फोटोला चिकटवून जा.

पालावरचा

मी सहसा इथं लिहीत नाही, वाचतो फक्त. वरचं वाचून राहवलं नाही.

मी पारधी. धाराशिव जिल्हा. तुम्ही मशीन होईल का विचारायलात, आमच्यासारख्यांसाठी १८७१ लाच झाली होती, इंग्रजांनी कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. पुढं ठाण्यात हजेरी, गाव सोडायचं तर पास, सोलापूरला तारेच्या कुंपणात सेटलमेंट. १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून ३१ ऑगस्टला आम्ही विमुक्त दिन करतो. कायदा गेला पण अंदाज काही गेला नाही. मी लहान असताना तीन कोसावर कुठं घर फुटलं की बाप संध्याकाळीच भाकरी बांधून उसात झोपायला जायचा, चार चार दिवस. का, तर जीप आधी आमच्याकडंच येणार हे त्याला माहीत. त्याचा अंदाज तुमच्या त्या अमेरिकेच्या सॉफ्टवेअरपेक्षा पक्का होता. आणि बाप सापडला नाही की म्हणायचे बघा पळाला म्हणजे ह्यानंच केलं असणार.

आता ती सगळी रजिस्टरं कॉम्प्युटरात चढली. २०२४ च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की जेलच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढा. रकाना काढतीलही. पण आडनाव राहतं, वस्तीचा पत्ता राहतो, मशीनला तेवढं बास.

सिरीयल मी पण बघितलीय, पूर्ण. आवडली. शेवट सांगत नाही.

भरतीवाला_लातूर

पालावरचा भाऊ, तुमचा रिप्लाय तिघांनी बसून वाचला. काय लिहावं कळंना.

भज्याचं मिटलं, पार्टनर म्हणतो पैज हरलो नाही पण पैसे देतो. वर म्हणतो मशीन होणार म्हणलं होतं, चांगली होणार असं कुठं म्हणलं.

बीडवाले दादा, जाता जाता एक विचारायचं होतं. आमच्या गावच्या शाळेला कॅमेरे घ्यायचेत, मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात घातलंय. त्या कोळ्याचं काय करायचं?

कॅमेरेवाला_बीड

कॅमेऱ्यातले लाल दिवे सेटिंगमधून बंद कर आणि चार-पाच फूट बाजूला वेगळा दिवा लाव. किडे दिव्याकडं जातात, मग कोळी पण तिकडंच जाळं करतो. आणि डीव्हीआर ऑफिसात टेबलावर ठेवू नको, लोखंडी कपाटात ठेव, पण मागून वारं लागू दे नाहीतर उन्हाळ्यात गरम होऊन बसतं.