127 दात हाताने कसे पाडले असतील?

दांडियाबाजारचा_टर्नर:

मंडळी, प्रश्न खुळचट वाटला तर वाटू दे. बडोद्यात मकरपुऱ्याला आमचं छोटं वर्कशॉप आहे. आजोबांच्या वेळचा इंची मापाचा लेथ (धातू कातायचं यंत्र) तिथे अजून चालतो. आजोबा कलाभवनात, इथल्या जुन्या तंत्रशाळेत, शिकलेले, लेथला दुसऱ्या कुणी तेल घातलेलं त्यांना खपत नसे. त्याच्या चेंज गिअरांत (आट्यांच्या मापाप्रमाणे बदलायच्या दातेरी चाकांत) एक मोठं चाक आहे, 127 दातांचं. मिलिमीटरचे आटे पाडायचे असले की तेच लागतं, कारण इंच म्हणजे 25.4 मिमी आणि 254 चे निम्मे 127. आम्ही त्याला नुसतं ‘एकशेसत्तावीस’ म्हणतो.

परवा अँटिकिथेराच्या यंत्राबद्दल वाचत होतो. ग्रीक बेटाजवळ बुडालेल्या जहाजातून स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांनी 1901 मध्ये वर आणलेला कांस्याचा गंजका गोळा. आत तीस दातेरी चाकं शिल्लक, वय दोन हजार वर्षांच्या पुढे. मूठ फिरवली की सूर्य-चंद्राचे काटे फिरायचे. क्ष-किरणांच्या फोटोंवरून विज्ञानाचा इतिहासकार डेरेक प्राइसने 1974 मध्ये त्याचा हिशेब छापला. चंद्राच्या ओळीतले दात वाचले आणि माझा चहा गार झाला. 64 दातांचं चाक फिरवतं 38 दातांच्याला, त्याच दांड्यावरचं 48 फिरवतं 24 ला, आणि 24 च्या दांड्यावरचं 127 फिरवतं 32 ला!

गुणून बघा, 254 भागिले 19 येतं. 19 वर्षांत चंद्र ताऱ्यांमधून 254 फेऱ्या करतो, म्हणून. 254 दातांचं चाक पेटीत मावणार नाही, तेव्हा पठ्ठ्याने ते निम्मं केलं आणि 48-24 च्या जोडीत दुप्पट भरून काढली. आपण चेंज गिअर लावताना हेच करतो की. इंचाशी त्याचा संबंध शून्य, निव्वळ योगायोग. पण आमच्या पेटीतलंच चाक तिथे भेटल्यासारखं झालं.

आता प्रश्न. 127 ला कशानेच भाग जात नाही. आमच्या डिव्हायडिंग हेडला (चकतीचे समान भाग पाडायच्या साधनाला) तेवढ्या भोकांची प्लेट नाही, डिफरन्शियल इंडेक्सिंग करावं लागतं, म्हणजे जादा गिअर जोडून भाग पाडावे लागतात. मग त्याने चकतीचे 127 भाग पाडले कसे? रविवारी मी पितळेची चकती घेऊन डिव्हायडरने (दोन टोकांच्या कंपासने) पावलं टाकत बसलो. पहिल्यांदा 126 होऊन वर अर्धा दात उरला. दुसऱ्यांदा 129. तिसऱ्यांदा मोजत होतो तेवढ्यात बायकोने जेवायला हाक मारली आणि आकडा विसरलो.

पोथीवाली:

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण तुमच्यासारखी चिडचिड माझीही झालेली आहे. धारच्या भोजराजाचा ‘समरांगणसूत्रधार’ हा संस्कृत ग्रंथ आपल्या बडोद्याच्याच गायकवाड ओरिएंटल सीरिजमध्ये 1924-25 ला छापला गेला, संपादक टी. गणपती शास्त्री. त्यातला 31 वा अध्याय यंत्रांचा. दिव्यात तेल घालणारी बाहुली काय, पाऱ्यावर उडणारा लाकडी पक्षी काय! आणि ऐन वेळी म्हणतो, ‘यन्त्राणां घटना नोक्ता गुप्त्यर्थं नाज्ञतावशात्’. म्हणजे जुळणी सांगितली नाही ती गुपित राहावं म्हणून, येत नाही म्हणून नव्हे. पक्ष्यावर माझा काडीचा विश्वास नाही, बाहुलीवर थोडा आहे.

टूलरूम_निवृत्त:

दादा, डिव्हायडर टाकून द्या. पावलात 0.01 मिमीची चूक म्हणजे 127 पावलांत 1.27 मिमी. हाच तुमचा अर्धा दात.

आमचे उस्ताद पट्टीने करायचे. चिवट कागदाची सरळ पट्टी घ्या, तिच्यावर 3 मिमीच्या 127 खुणा करा. एकूण 381 मिमी, म्हणजे बरोब्बर 15 इंच. तुमचा एकशेसत्तावीस इथेही येतोच! आता चकती लेथवर थोडी थोडी उतरवत जा, पट्टी गुंडाळल्यावर टोकाला टोक भिडेपर्यंत. व्यास 121 मिमीच्या जरा वर येईल. आधी भाग पाडायचे आणि मग चकती त्या मापाला आणायची. ग्रीकाने असंच केलं असं मी म्हणत नाही. पण स्टीलची फूटपट्टी आणि कागद सोडला तर यातलं सगळं त्याच्याकडे होतं.

दात इनव्हॉल्यूट (आजच्या गिअरांसारखे वक्र) करायला जाऊ नका. त्याचे दात साधे त्रिकोणी आहेत, तिकोनी कानशीच्याच घाटाचे.

आणि 127 वर काय भाळलात? त्याच यंत्रात 50 दातांची दोन चाकं एकावर एक आहेत, दोघांचे मध्य जेमतेम एक मिलिमीटर सरकलेले. खालच्याची खुंटी वरच्याच्या खाचेत. खालचं एकसारखं फिरतं, वरचं कधी पुढे पळतं, कधी रेंगाळतं. आकाशात चंद्र तसाच चालतो ना! एवढ्याशा एक्सेंट्रिकमधून ते काढलंय. मी चाळीस वर्षं जिग-फिक्श्चर (काम घट्ट धरायची साधनं) केली, मला सुचलं नसतं.

दांडियाबाजारचा_टर्नर:

काका, नमस्कार घ्या. पट्टी जमली. पहिल्यांदा कागदाची जाडी धरायची विसरलो, टोकांत फट राहिली. दुसऱ्यांदा भिडली. एक संध्याकाळ करवतीने चिरा पाडण्यात गेली, दोन संध्याकाळी कानस. साठाव्या दातानंतर अंगठा बधिर होतो, हे कुठल्या लेखात लिहिलेलं नाही.

पोथीवाली ताई, लहानपणी कमाटीबागेतल्या फुलांच्या घड्याळापाशी मी काट्यांऐवजी जमिनीकडे बघत बसायचो. यंत्र खाली पुरलंय असं आजोबांनी सांगितलं होतं. तुमची पोथी वाचून तेच आठवलं.

काल 32 दातांच्या चाकाशी जोडून फिरवलं. फिरतं. शेवटचा दात मात्र जरा जाड राहिलाय. दर फेरीला, त्याच जागी, खट् करतं. तिथे खडूने खूण केलीय, आज पुन्हा कानस घेऊन बसतो.