मदत हवी आहे : दादाला पुन्हा रंगवायचंय

नमस्कार मंडळी. माझा दादा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. परांचीवरून पडला आणि मानेच्या मणक्याला मार बसला. मनगट थोडं उचलतं, पण बोटांची पकड गेली. वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून होता. खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरमधले (मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र) जवान तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात, हे कळल्यावर स्वतःच म्हणाला, "रंग आण."

सध्या तळहाताला वेल्क्रोचा पट्टा बांधून त्यात ब्रश अडकवतो. अक्षरं जाड येतात, पण वळण तेच! बारीक कामाला मात्र ब्रश तोंडातच धरावा लागतो, मग जबडा दुखतो, लाळ गळते. दांडी किती लांब ठेवावी? दातांत धरायच्या टोकाला काय गुंडाळता? टर्पेंटाइनच्या वासामुळे ऑइल रंग बंद केलेत. अ‍ॅक्रिलिक फार लवकर वाळतं, त्यावर काय उपाय?

व्हीलचेअरवर बसेल असा, तिरपा करता येणारा ईझल (चित्र टेकवायची चौकट) सुताराकडून कुणी बनवून घेतलाय का? रंगात रमला की तो टेकण बदलायचं विसरतो, आणि आम्हाला एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमांची धास्ती.

तोंडाने-पायाने चित्रं काढणाऱ्यांच्या जागतिक संघटनेची मुंबईत शाखा आहे. तिथे विद्यार्थी म्हणून शिष्यवृत्ती मिळवलेलं कुणी इथे आहे का? अर्जासोबत किती चित्रं दिलीत? (काका "मन रमतंय ना, बास" म्हणतात, दादाला कमवायचंय.)