समतोल स्थिरांक शिकवताना वेगाची समीकरणं हवीत कशाला?

खडूफळा: बऱ्याच पुस्तकांतली सिद्धता अशी: संतुलित समीकरणातले सहगुणक (रेणूंपुढचे आकडे) घातांक म्हणून घेऊन पुरोगामी वेग लिहा, प्रतिगामी वेगही तसाच लिहा, दोन्ही सारखे धरा आणि भागा. झाला समतोल स्थिरांक, म्हणजे 'के'. माझ्या मते ही सिद्धता सरळ काढून टाकावी. हायड्रोजन आणि ब्रोमीनपासून हायड्रोजन ब्रोमाइड होण्याचं उदाहरण घ्या. वेग मोजला तर सुरुवातीला ब्रोमीनचा घातांक अर्धा येतो, आणि तयार होणारं हायड्रोजन ब्रोमाइडच वेगाला खीळ घालतं. 'के' मात्र साधा: वर हायड्रोजन ब्रोमाइडच्या संहतीचा वर्ग, खाली हायड्रोजन गुणिले ब्रोमीन. वेगाचे घातांक प्रयोगातून मिळतात, 'के'चे संतुलित समीकरणातून. ती सिद्धता शिकलेली मुलं पुढे सहगुणक बघूनच अभिक्रियेची कोटी (वेगाच्या घातांकांची बेरीज) ठोकून देतात.

उभयदिश: काढून टाकण्याइतकं काही बिघडलेलं नाही. गुल्डबर्ग आणि वागे या रसायनशास्त्रज्ञांनी १८६४ मध्ये सुरुवात केली ती अशाच विचाराने. तुमचंच उदाहरण टप्प्याटप्प्याने सोडवा. ब्रोमीन अणू हायड्रोजन रेणूवर आदळतो: हायड्रोजन ब्रोमाइड आणि हायड्रोजन अणू. तो अणू ब्रोमीन रेणूला भिडतो: पुन्हा हायड्रोजन ब्रोमाइड आणि ब्रोमीन अणू. समतोलात प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे समतोलात असतो. दोन टप्प्यांचे 'के' गुणा, दोन्ही सुटे अणू कटतात आणि उरतो तोच 'के'. सिद्धता अर्धवट आहे, खोटी नाही.

खडूफळा: गुणाकार मान्य. पण हे वर्गात कोण करून दाखवतं? आणि चुनखडीचं काय? कॅल्शियम कार्बोनेट तापवलं की 'के' म्हणजे निव्वळ कार्बन डायऑक्साइडचा दाब. दोन्ही स्थायू, कार्बोनेट आणि उरणारा कॅल्शियम ऑक्साइड, गेले कुठे? ॲक्टिव्हिटी, म्हणजे संहतीऐवजी 'के'त घालायची परिणामी संहती, सांगा; शुद्ध स्थायूची १ असते, विषय मिटला.

उभयदिश: विघटन पृष्ठभागावर, वायू परत बसतो तोही पृष्ठभागावरच. क्षेत्रफळ दोन्ही वेगांत येतं, कटतं. म्हणून ढीग दुप्पट केला तरी त्याच तापमानाला दाब तोच. 'ॲक्टिव्हिटी १' हेसुद्धा पाठांतरच की!

मोलभर: भांडा, पण पाण्याचं तेवढं नीट सांगा. विरल द्रावणात पाणी लिटरला सुमारे ५५.५ मोल, जवळजवळ बदलतच नाही, म्हणून 'के'मध्ये लिहीत नाहीत. ॲसिटिक आम्ल आणि इथेनॉलच्या एस्टरीकरणात (दोन्ही मिळून एस्टर आणि पाणी होतं) पाणी द्रावक नसून उत्पादित आहे, तिथे ते लिहावंच लागतं. 'द्रव वगळा' एवढंच पाठ केलेली पोरं तिथेच आपटतात.

खडूफळा: बघा, ॲक्टिव्हिटी आधी सांगितली असती तर हा प्रश्नच उठला नसता.

उभयदिश: उठला असता, फक्त उशिरा.