घरी मातीविना आंबा वाढवण्यासाठी पद्धत, कलम आणि पोषक द्रावण यांबद्दल सल्ला हवा आहे

नवपालवी

नमस्कार. पाइपमधून वाहणाऱ्या पोषक द्रावणावर पालेभाज्या आणि टोमॅटो मी काही हंगाम घेत आलो आहे. आता त्याच गच्चीवर, मातीचा वापर न करता, आंब्याचे एक झाड लावावे आणि ते फळ धरेपर्यंत सांभाळावे, अशी मनापासून इच्छा आहे. गच्चीवर दिवसाचे सात-आठ तास थेट ऊन येते. मात्र भार मर्यादित ठेवायचा असल्याने ओल्या मातीने भरलेली मोठी पिंपे तेथे ठेवता येणार नाहीत.

या विषयावर जे वाचायला मिळते, त्यात पालेभाज्यांची पद्धत जशीच्या तशी आंब्याला लावलेली दिसते. वर्षानुवर्षे जगणाऱ्या झाडाची मुळे, त्याची विश्रांती आणि त्याचा मोहोर यांचा विचार त्यात फारसा नसतो. म्हणून मुळे कशात ठेवावीत, कोय रुजवावी की कलम आणावे, द्रावण किती तीव्र असावे आणि अशा झाडाला मोहोर येण्यासाठी काय करावे लागते, याबद्दल ज्यांनी फळझाडे मातीविना वाढवली आहेत त्यांच्याकडून मार्गदर्शन मिळाले तर आभारी राहीन.

जलधारा

सर्वप्रथम पाइपची पद्धत या कामासाठी बाजूला ठेवावी, असे मी सुचवेन. आंबा मुळात खोल सोटमूळ सोडणारा वृक्ष आहे. कुंडीत ते मूळ खाली जाऊ शकले नाही, तरी बाजूची मुळे लवकरच जाड आणि काष्ठमय होतात, पाइप भरून टाकतात आणि द्रावणाचा प्रवाह अडवतात. मुळे सतत पाण्यात बुडवून ठेवण्याच्या पद्धतीत अडचण प्राणवायूची आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात हवेतील प्राणवायू लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळू शकतो, तर ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास येतो. आणि नेमक्या याच तापमानात मुळांची श्वसनाची गरज वाढलेली असते. शिवाय पाण्याने भरलेल्या टाकीत उंच, डेरेदार झाडाला उभे राहण्यासाठी आधारच मिळत नाही.

आंब्याला मानवते ती माध्यम आणि ठिबक यांची जोड. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (फुगवलेल्या ज्वालामुखीय खनिजाचे हलके दाणे) यांचे साधारण समप्रमाणातील मिश्रण हवेशीर कापडी कुंडीत भरावे आणि दिवसातून काही वेळा थोडे थोडे द्रावण ठिबकद्वारे द्यावे. कापडी कुंडीच्या कडेला पोहोचलेले मूळ हवा लागून तेथेच थांबते आणि मागून नवी बारीक मुळे फुटतात, त्यामुळे मुळांचे वेटोळे होत नाही. सुरुवातीला २० लिटरची आणि पुढे दोन-तीन वर्षांत ६० लिटरपर्यंतची कुंडी पुरेशी ठरते. भाराच्या दृष्टीने पाहता, या आकाराची भिजलेली कुंडी तेवढ्याच ओल्या मातीच्या मानाने निम्म्याच्या आसपास वजनाची भरते. तरीही ती भिंतीलगत किंवा तुळईच्या वर ठेवणे चांगले.

आमराई

कोय की कलम, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे: घरी मर्यादित जागेत फळ हवे असेल तर कलमच आणावे. कोयीपासून वाढलेले झाड फळावर यायला पाच ते आठ वर्षे, कधी त्याहूनही अधिक घेते, आणि एकभ्रूणी (कोयीतून एकच रोप देणाऱ्या) जातीच्या कोयीतून येणारे झाड मूळ झाडासारखे फळ देईलच असे नसते. बहुभ्रूणी जातीच्या एका कोयीतून अनेक रोपे निघतात आणि त्यांतील बहुतेक मातृवृक्षासारखीच असतात, पण त्यांचाही बालपणाचा काळ लांबच असतो. कलमाची फांदी प्रौढ झाडाची असल्याने ते तीन-चार वर्षांत फळ धरण्याच्या स्थितीत येते.

जात निवडताना झाडाचा आकार चवीइतकाच महत्त्वाचा मानावा. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून तयार झालेली आम्रपाली ठेंगणी राहते आणि बहुधा दरवर्षी फळते. पिकरिंग आणि कॉगशॉल या जातीही कुंडीत आटोपशीर राहतात.

कलम आणल्यावर त्याच्या मुळांवरची सगळी माती धुऊन काढण्याचा मोह टाळावा, कारण आंब्याची बारीक मुळे तुटली की झाड दीर्घकाळ मलूल राहते. सुटी माती हलकेच झाडावी, मुळांचा गड्डा तसाच ठेवून भोवती नवे माध्यम भरावे आणि कलमाचा सांधा माध्यमाच्या बराच वर राहील याची काळजी घ्यावी. सांध्याखाली येणारे फुटवे लगेच काढावेत. झाड ६० ते ७० सेंटिमीटर उंच झाले की शेंडा छाटावा. तेथे फुटणाऱ्या फांद्यांपैकी चांगल्या अंतरावरच्या तीन ठेवाव्यात. आंब्याचा मोहोर फांदीच्या टोकाला येतो, त्यामुळे टोके जितकी अधिक तितकी मोहोराची संधी अधिक.

नवपालवी

दोघांचेही आभार. पाइपचा विचार सोडला. द्रावणाबद्दल मात्र अजून संभ्रम आहे. टोमॅटोला मी देतो तेच द्रावण सौम्य करून चालेल का? आणि कुंडीतून निथळलेले द्रावण पुन्हा टाकीत घेऊ नये, असे काही जण म्हणतात, त्यामागचे कारण काय?

जलधारा

सौम्य करून चालेल, पण किती सौम्य हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण आंबा क्षारांना संवेदनशील आहे. टोमॅटो जी तीव्रता आनंदाने सोसतो, ती आंब्याच्या जुन्या पानांची टोके आणि कडा करपवते, विशेषतः पाण्यात सोडियम आणि क्लोराइड असल्यास. म्हणून आधी नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप) मोजावी. मूळ पाणीच क्षारयुक्त असेल तर पावसाचे किंवा आरओचे पाणी मिसळल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, असेच मी म्हणेन.

प्रमाणासाठी वनस्पतिशास्त्रज्ञ होगलंड आणि आर्नन यांचे १९३८ साली प्रसिद्ध झालेले द्रावण आधाराला घेता येते. त्यात लिटरमागे सुमारे २१० मिलिग्रॅम नत्र, ३१ मिलिग्रॅम स्फुरद, २३५ मिलिग्रॅम पालाश आणि २०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आंब्यासाठी त्याची अर्धी मात्रा पुरेशी आहे. तयार द्रावणाची ईसी १ ते १.५ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर आणि पीएच ५.५ ते ६.५ यांच्या दरम्यान ठेवावा. नत्राचा मोठा भाग नायट्रेटच्या रूपात असावा. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट-फॉस्फेटयुक्त खते यांची तीव्र द्रावणे दोन स्वतंत्र डब्यांत ठेवावीत, अन्यथा त्यांचा गाळ बनतो आणि तो झाडाला मिळत नाही. लोहाबाबतही दक्षता हवी: ईडीटीए रूपातील (लोहाला विरघळलेले ठेवणाऱ्या संयुगाशी बांधलेले) लोह पीएच ६.५ च्या वर टिकत नाही, म्हणून पाणी अल्कधर्मी असल्यास डीटीपीए किंवा ईडीडीएचए रूपातील लोह घ्यावे. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर प्रथम पीएच तपासावा, मगच लोह वाढवावे. पाने बारीक, अरुंद आणि गुच्छासारखी येत असतील तर जस्त कमी पडत असण्याची शक्यता अधिक.

कोकोपीटचे एक वैशिष्ट्य येथे सांगायला हवे. त्याच्या कणांवर पालाश आणि सोडियम धरलेले असते आणि ते द्रावणातील कॅल्शियम ओढून घेते. त्यामुळे वापरण्यापूर्वी ते कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात रात्रभर भिजवून नंतर स्वच्छ पाण्याने धुवावे. कॅल्शियमची कमतरता आंब्यात पुढे फळाच्या गरातही उमटते. नत्र जास्त आणि कॅल्शियम कमी असले की गर कोयीजवळून आतून बिघडण्याचे प्रमाण वाढते.

आता निथळलेल्या द्रावणाबद्दल. प्रत्येक पाळीत दिलेल्या द्रावणाचा १० ते २० टक्के भाग कुंडीखालून बाहेर यावा, म्हणजे माध्यमात क्षार साचत नाहीत. हे बाहेर आलेले द्रावण पुन्हा टाकीत घेतले तर झाडाने न घेतलेले सोडियम आणि क्लोराइड फेऱ्या मारत साठत जातात, आणि कलमाच्या गड्ड्यातील मातीचे कण पंपात जातात, ते वेगळेच. ते वाया घालवायचे नसेल तर मातीतल्या इतर, क्षार सोसणाऱ्या झाडांना द्यावे. निथळलेल्या द्रावणाची ईसी आठवड्यातून एकदा मोजावी; ती दिलेल्या द्रावणापेक्षा बरीच अधिक असेल तर एक-दोन पाळ्या साध्या पाण्याच्या द्याव्यात.

ऋतुचक्र

मोहोराबद्दल लिहितो, कारण मातीविना वाढवलेले झाड बहुतेक वेळा येथेच अडते. सतत पाणी आणि सतत नत्र मिळणारा आंबा हिरवागार दिसतो, पालवीवर पालवी काढतो आणि मोहोराकडे वळत नाही. मोहोरासाठी फांदीच्या टोकाची पालवी काही महिने जून झालेली असावी लागते आणि रात्रीचे तापमान काही आठवडे १० ते १५ अंशांच्या दरम्यान उतरावे लागते. जेथे थंडी पडतच नाही, तेथे पालवीचे वय आणि पाण्याचा ताण यांवरच भिस्त असते. म्हणून फळे काढल्यानंतर लगेच छाटणी करावी, एक-दोन पालव्या भरपूर पोषणावर येऊ द्याव्यात आणि त्यानंतर थंडीच्या आधी दोन महिने नत्र जवळजवळ थांबवून पालाश चालू ठेवावे.

आमराई

याला माझी पुस्ती अशी की, सहा आठवडे पाणी तोडण्याचा जो उपाय बागांमध्ये करतात तो कुंडीत तसाच करू नये. माध्यम सुकते तसे त्यातील क्षार तीव्र होतात आणि ताण पाण्याचा न राहता क्षारांचा होतो.

ऋतुचक्र

हे अगदी योग्य आहे, आणि म्हणूनच ताण देण्यापूर्वी माध्यम साध्या पाण्याने भरपूर धुऊन घ्यावे. नंतर पाणी पूर्ण न तोडता पाळ्यांमधले अंतर वाढवावे. दुपारी पाने किंचित झुकावीत, पण सकाळी ती सावरलेली असावीत, हा अंदाज ठेवावा. बागांमध्ये वापरले जाणारे पॅक्लोब्युट्राझोल (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारे रसायन) घरच्या कुंडीत वापरू नये, असे माझे ठाम मत आहे. ते मुळांजवळ दीर्घकाळ टिकते आणि इतक्या थोड्या माध्यमात मात्रा चुकली तर झाडाची वाढ कित्येक हंगाम खुंटते.

नवपालवी

फारच उपयुक्त माहिती मिळाली. शेवटचा एक प्रश्न: गच्चीचा काही भाग जाळीने बंद आहे. तेथे परागीभवन होईल का, आणि पहिल्या मोहोराला फळे धरू द्यावीत का?

ऋतुचक्र

आंब्याच्या एकाच मोहोरात नर आणि द्विलिंगी अशी दोन्ही प्रकारची फुले असतात आणि परागकण मुख्यतः माश्या व मधमाश्या वाहून नेतात, त्यामुळे मोहोराच्या काळात जाळी उघडी ठेवणेच उत्तम. ते शक्य नसेल तर सकाळी ऊन तापू लागल्यावर मऊ ब्रश सगळ्या मोहोरांवरून हलकेच फिरवावा. मोहोरावर पाणी फवारू नये, कारण ओलाव्याने करपा बळावतो. भुरी रोगाची पांढरी पावडर दिसू लागताच, ऊन कडक नसताना, पाण्यात विरघळणाऱ्या गंधकाची सौम्य फवारणी करावी.

कलम लावल्यानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत आलेला मोहोर फळे धरण्यापूर्वी खुडून टाकावा आणि ती ताकद खोड व फांद्यांना मिळू द्यावी. तिसऱ्या वर्षी एका मोहोराला एकच फळ ठेवावे आणि फळ सुपारीएवढे झाले की बाकीची काढावीत. फुलण्यापासून फळ तयार व्हायला जातीनुसार सुमारे १०० ते १५० दिवस लागतात. या काळात पाण्याच्या पाळ्या एकसारख्या ठेवाव्यात, कारण कोरड्या पडलेल्या माध्यमाला एकदम भरपूर पाणी मिळाले की फळगळ होते आणि साल तडकते.