मदत हवी आहे: १९४३ च्या डॉज डब्ल्यूसी-५१ चं हेड गॅस्केट बदलायचंय, हेड उघडण्याआधी काय तपासू?

लोखंडीघोडा

गाडी: डॉज डब्ल्यूसी-५१, पाऊण टनी वेपन्स कॅरिअर. इंजिन टी-२१४, सहा सिलिंडर, फ्लॅटहेड पेट्रोल, २३० घनइंच.

त्रास असा: आयडलला इंजिन थरथरतं, चढावर ताकद पडते. सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ आहे, दुधाळ झालेलं नाही. रेडिएटरचं पाणी मात्र हळूहळू कमी होतं आणि लांब पल्ल्यावर तापमानाचा काटा वर जातो.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) घेतलं. इंजिन गरम, सहाही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा. १ ते ६ या क्रमाने रीडिंग: १०८, १०५, ५८, ५५, १०४, १०६ पौंड.

तीन आणि चारच्या मधलं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, गेलंय असं वाटतं. नवीन गॅस्केट मागवून सरळ बसवू का? की आधी आणखी काही बघायला हवं? टॉर्क (बोल्ट आवळायचा जोर) किती आणि कुठल्या क्रमाने, तेही सांगा.

फीलरगेज

अंदाज बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम आणि जवळजवळ सारखेच पडले की पहिला संशय मधल्या पॅकिंगवर जातो. या इंजिनाला चार मेन बेअरिंग आहेत, त्यामुळे सिलिंडर १-२, ३-४, ५-६ असे जोडीने जवळ बसलेत. जोडीतल्या दोन बोअरच्या मधली पट्टी अरुंद, आणि पॅकिंग जळतं ते बहुतेक तिथेच.

तरी हेड उघडण्याआधी दोन तपासण्या करा, कारण उघडल्यावर त्या करता येत नाहीत.

पहिली: ३ नंबरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल घालून परत कॉम्प्रेशन घ्या. रीडिंग बरंच वाढलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. तसंच राहिलं तर पॅकिंग किंवा व्हॉल्व्ह.

दुसरी: ३ नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणा, गाडी टॉप गिअरमध्ये घालून चाकांना ओट लावा, आणि प्लगच्या भोकातून हवा सोडा. मग कान लावा. ४ च्या प्लगच्या भोकातून हवा आली तर पॅकिंग नक्की. कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑईल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. रेडिएटरचं झाकण काढून ठेवा. बुडबुडे आले तर वाट पाण्यात फुटलीय, म्हणजे पॅकिंग किंवा तडा.

सरळ पॅकिंग बदलून मोकळं होऊ नका. पॅकिंग विनाकारण जळत नाही. कारण तसंच राहिलं तर नवीन पॅकिंगही त्याच जागी जळेल.

लोखंडीघोडा

दोन्ही केलं. ऑईल घालून ३ नंबर ५८ चा ६१ झाला, म्हणजे रिंगा नाहीत. हवा सोडल्यावर ४ च्या प्लगमधून फुसफुस स्पष्ट ऐकू येते. रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत.

आता हेड उतरवतो. जपण्यासारखं काय?

आटेवाला

हे फ्लॅटहेड आहे. व्हॉल्व्ह, टॅपेट, सगळं ब्लॉकमध्ये. हेड म्हणजे नुसतं झाकण. पुशरॉड नाहीत, रॉकर नाहीत, आणि हेड काढल्याने टॅपेटचा गॅपही बदलत नाही. म्हणजे काम सोपं. फक्त बोल्टांशी घाई करायची नाही.

हेडला २१ बोल्ट आहेत, ७/१६ इंची, इंचाला १४ आट्यांचे. त्यांची भोकं थेट पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात, म्हणून वर्षानुवर्षं गंजून बसलेले बोल्ट सापडतात. आदल्या रात्री प्रत्येकाच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडा. दुसऱ्या दिवशी सोडवताना आधी किंचित आवळायच्या दिशेने हलवा, 'कट्' आवाज आला की मग उलटं. थेट उलटा जोर दिला तर मान तुटते. अडलाच तर हेडवर बोल्टभोवती गॅसने शेक द्या, बोल्टवर नाही.

सोडवण्याचा क्रम टोकांकडून मधे. आधी सगळे पाव फेरा, मग अर्धा, मग मोकळे.

पुठ्ठ्यावर हेडची बाह्यरेषा काढा, २१ भोकं पाडा, आणि निघेल तो बोल्ट त्या त्या भोकात खोचा. ब्रॅकेटखालचे बोल्ट लांब असू शकतात. लांब बोल्टच्या जागी आखूड गेला तर आट्यांवर पकड कमी बसते आणि ताण येताच ते उपटतात.

पाणी पूर्ण काढा, रेडिएटरमधून आणि ब्लॉकच्या ड्रेन कॉकमधूनही. ब्लॉकचा कॉक गाळाने तुंबलेला असतो, उघडल्यावर काही आलं नाही म्हणजे रिकामा झाला असं समजू नका, तार घालून मोकळा करा. तापमान गेजची बारीक तांब्याची नळी हेडमध्ये जात असेल तर तिचा बल्ब आधी सोडवा. ती नळी पिळली की गेज गेला.

हेड चिकटलं असेल तर मधे स्क्रूड्रायव्हर किंवा पटाशी घालू नका. तिथे पडलेला एक ओरखडा पुढे गळतीची वाट होतो. बोल्ट दोन-दोन आटे सैल करून तसेच राहू द्या, प्लग लावा, कॉइलची वायर काढा आणि स्टार्टर मारा. चांगल्या सिलिंडरांचं कॉम्प्रेशनच हेड उचलतं.

निळापाना

एक सुरक्षेचं. जुन्या तांबं-मढवलेल्या पॅकिंगच्या पोटात अ‍ॅस्बेस्टॉस असतं. कोरडं खरवडू नका, वायर ब्रश तर अजिबात नाही. पाण्याने भिजवा, धूळकणांचा चांगला मास्क लावा, ओलंच प्लास्टिकच्या सपाट पट्टीने काढा, आणि निघालेलं सगळं पिशवीत बांधा. फुंकर नको, कॉम्प्रेसरची हवाही नको.

ड्रिल मशीनवरच्या घासायच्या चकत्या ब्लॉकवर वापरू नका. त्यांची बारीक वाळू बोअरमधून खाली ऑईलमध्ये जाते आणि बेअरिंग खाते. पिस्टन आणि बोअरच्या फटीत ग्रीसची कडा लावा, कार्बनचे कण त्यात अडकतात, शेवटी ग्रीससकट पुसून घ्या. उघड्या व्हॉल्व्हवर आणि पाण्याच्या भोकांवर कापड कोंबा.

लोखंडीघोडा

हेड निघालं, बोल्ट एकही तुटला नाही. ३ आणि ४ च्या मधली पट्टी सुमारे पाव इंच रुंद जळालीय, तांबं काळं पडून तुटलंय. सरळ पट्टी आणि फीलर लावून मोजलं. हेड ३-४ च्या मधे ८ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) खोल आहे. ब्लॉक २ थाऊच्या आत आहे, पण चार बोल्टांच्या भोकांची तोंडं ज्वालामुखीसारखी वर आलीत. बोटाला लागतात.

हेड फेस (मशीनवर घासून सपाट) करून घेऊ ना? आणि गॅस्केट तांब्याचं की कंपोझिट?

फीलरगेज

कुठल्याही सहा इंचांत ३ थाऊपेक्षा जास्त असेल तर फेस करावंच लागतं, तुमचं ८ आहे. पण मशीनवाल्याला सांगा: सपाट होण्यापुरतंच, एक थाऊही जास्त नाही. फ्लॅटहेडमध्ये व्हॉल्व्ह वर उघडून हेडच्या पोकळीत येतात. हेड जास्त उतरवलं तर छत व्हॉल्व्हच्या जवळ येतं. फेस केल्यावर व्हॉल्व्हवर प्लॅस्टिसिनची गोळी ठेवून, जुनं पॅकिंग घालून हेड हलकं आवळा, हाताने दोन फेरे इंजिन फिरवा आणि दाबलेल्या गोळीची जाडी मोजा.

वर आलेली तोंडं अशीच सोडायची नाहीत. पॅकिंग त्या चार उंचवट्यांवर टेकतं आणि मधे दाब कमी पडतो. तुमच्या ३-४ ला हे एक कारण असू शकतं. सपाट फाइल आडवी धरून उंचवटा काढा, मग काउंटरसिंकने भोकाच्या तोंडाला अगदी हलकी चाम्फर द्या, अर्ध्या आट्यापुरती. नंतर ७/१६-१४ चा टॅप हाताने सगळ्या भोकांतून फिरवा. उद्देश आटे साफ करण्याचा, नवीन कापण्याचा नाही. टॅप अडला तर मागे घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हॉल्व्हच्या सीटपासून बोअरपर्यंत जाणारा तडा शोधा. फ्लॅटहेडचा हा जुना रोग आहे, आणि एक्झॉस्टच्या बाजूला जास्त. कार्बन साफ करून लाल डाय पेनिट्रंट (तड्यात मुरणारा रंग) मारा, थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. बारीक लाल रेघ उमटली तर नवीन पॅकिंग घालण्यात अर्थ नाही, आधी ब्लॉकची दुरुस्ती.

आटेवाला

गॅस्केट मागवण्याआधी हेडची लांबी मोजा. हे इंजिन २३ इंची ब्लॉकचं आहे. कॅनडात बनलेले आणि मोठ्या गाड्यांचे ब्लॉक २५ इंची असतात, आणि जुन्या गाड्यांत इंजिनं बदललेली असतात. दोन्हींची पॅकिंगं एकमेकांना चालत नाहीत. २३ इंची ब्लॉकच्या २१८ आणि २३० घनइंची इंजिनांचा बोअर मात्र एकच, सव्वातीन इंच. २३ इंची २१८ चं पॅकिंग २३० ला बसतं, फरक फक्त स्ट्रोकचा.

तांब्याचं की कंपोझिट, दोन्ही चालतात. पृष्ठभाग आरशासारखा नसेल तर तांबं-मढवलेलं मला जास्त भरवशाचं वाटतं, ते दबून जागा भरतं. त्याला दोन्ही बाजूंनी कॉपर स्प्रेचा पातळ हात द्या. कारखान्यातूनच लेप दिलेलं कंपोझिट कोरडंच बसवा, त्यावर काही लावू नका.

आधी कोरडं ठेवून सगळी भोकं जुळतात का बघा. काही ठिकाणी पॅकिंगचं पाण्याचं भोक ब्लॉकच्या भोकापेक्षा लहान दिसेल. ते मोठं करू नका. पाणी कुठे किती जावं, हे त्या भोकांवरच ठरतं.

निळापाना

काटा वर जातो म्हणालात, त्याकडे कुणी वळलं नाही अजून. वॉटर पंप काढा आणि मागे ब्लॉकमध्ये बघा. तिथे पत्र्याची एक लांब चपटी नळी ब्लॉकच्या पूर्ण लांबीत घुसवलेली असते. तिच्या खाचांतून थंड पाणी थेट एक्झॉस्ट सीटांवर जातं. ती गंजून कुजली की पुढच्याच भोकातून पाणी निसटतं आणि मागचे सिलिंडर तापत राहतात. बाहेरून काहीच कळत नाही. ती काढायला रेडिएटर काढावा लागतो, पण आता अर्धं काम उघडंच आहे. आकड्याने ओढा, तुकडे निघाले तर शेवटचा तुकडाही काढल्याशिवाय थांबू नका. नवीन पितळी घाला.

इग्निशन टायमिंगही तपासा. जास्त अ‍ॅडव्हान्स असेल तर इंजिन आतून ठोकतं, आणि त्या ठोक्याने पॅकिंगची कडा फाटते. ६ नंबरच्या वर हेडमध्ये एक छोटा पाइप प्लग आहे. तो काढून तार घातली की पिस्टनचं टोक अचूक सापडतं. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४.

लोखंडीघोडा

नळी निघाली, चार तुकड्यांत. मागचा अर्धा भाग कागदासारखा कुजलेला. तडा नाही, डाय दोनदा मारून बघितला. हेड १० थाऊ उतरवून सपाट झालं, प्लॅस्टिसिनने व्हॉल्व्हवर भरपूर जागा दिसते.

आता आवळणी सांगा.

फीलरगेज

दोन जुन्या बोल्टांची डोकी कापा, वरच्या टोकाला हॅक्सॉने खाच पाडा, आणि दोन विरुद्ध कोपऱ्यांत हाताने बसवा. पॅकिंग आणि हेड त्यांवरून उतरवा, काहीही सरकत नाही. बाकीचे बोल्ट लागले की हे स्क्रूड्रायव्हरने काढून घ्या.

बोल्टांचे आटे वायर ब्रशने स्वच्छ करा. ज्याची मान बारीक झालीय किंवा आटे ताणलेत तो बदला. प्रत्येकाच्या आट्यांना न वाळणारा थ्रेड सीलर लावा, कारण खाली पाणी आहे. डोक्याखाली थेंबभर तेल. भोकांच्या आट्यांत गंज किंवा गाळ नको, नाहीतर टॉर्क पाना खोटं रीडिंग देतो.

क्रम: मधला बोल्ट पहिला, मग त्याच्या आजूबाजूने गोल गोल बाहेर. आधी सगळे ३० फूट-पौंड, मग सगळे ५०, मग ६५ ते ७०. न्यूटन-मीटरचा पाना असेल तर शेवटचा टप्पा ८८ ते ९५. पाना एका संथ ओढीत चालवा, झटके नकोत. दहा मिनिटं थांबा आणि त्याच क्रमाने परत एकदा फिरा. पॅकिंग बसतं, पहिले काही बोल्ट थोडे फिरतील.

पाणी भरताना वरचा होज ढिला ठेवा, म्हणजे हवा निघते. इंजिन पूर्ण गरम करा, बंद करा, थंड होऊ द्या, मग परत टॉर्क. बोल्ट सैल करून आवळायचे नाहीत, सीलर सुटतो. नुसतं पुढे आवळत तपासा. एक-दोन लांब फेऱ्यांनंतर पुन्हा एकदा.

लोखंडीघोडा

झालं. नवीन रीडिंग: ११०, १०८, १०७, १०९, १०६, १०८. काटा लांब पल्ल्यावरही मधेच राहतो. परत टॉर्क करताना सात बोल्ट थोडे फिरले.

एकच शंका. मागच्या कोपऱ्यातल्या एका बोल्टच्या डोक्याखालून थंड इंजिनवर पाण्याचा थेंब येतो. आणखी आवळू का?

आटेवाला

नको. ते पाणी आट्यांमधून वर येतंय. ७० च्या पुढे आवळल्याने ते थांबणार नाही, आटे मात्र जातील. पाणी हेडच्या पातळीखाली येईल इतकं काढा, इंजिन थंड असताना तो एकच बोल्ट काढा. बाकीच्यांना हात लावू नका. भोक आणि आटे ब्रेक क्लीनरने कोरडे करा, सीलर यावेळी सगळ्या आट्यांवर गोल फिरवून लावा, डोक्याखालीही पातळ थर, आणि ७० ला आवळा. सीलरच्या डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण होऊ द्या, मगच पाणी भरा.