५१२ की १ टीबी हे नंतर, आधी रॅम सोळा आहे का बघा

यळ्ळूरकर
सीईटीच्या जागा लागल्या की आपल्याकडची पोरं वडिलांना घेऊन लॅपटॉप बघायला निघतात. कोण बेळगावातच खडेबाजार-किर्लोस्कर रोडला फिरतं, कोण थेट कोल्हापूर गाठतं. नात्यातल्या एका मुलीला कॉम्प्युटर सायन्स मिळालंय, म्हणून परवा मीही सोबत गेलो. बजेट साठ हजारांपर्यंत. दुकानदाराने दोन मशीन समोर ठेवली. एकात ८ जीबी रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) आणि १ टीबी, म्हणजे साधारण हजार जीबी, एसएसडी (फाईली कायम साठवायची जागा), दुसऱ्यात १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी. किंमत जवळपास तीच. वडिलांचं बोट लगेच पहिल्यावर गेलं, कारण एक टीबी ऐकायला मोठं वाटतं.

माझं ठाम मत आहे की दुसरं घ्यावं. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबीची आहे, पण ती नुसतं चालू होण्यापुरती. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की त्या आठातलाच वाटा डिस्प्लेसाठी जातो. वर ब्राउझरचे पंधरा टॅब, एखादी ऑनलाइन मीटिंग. मोबाईल अ‍ॅप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह (स्क्रीनवरच्या नकली फोनसह) चालवायचा तर गूगलच किमान १६ जीबी मागतं. रॅम संपली की विंडोज एसएसडीचा तुकडा रॅमसारखा वापरतं, आणि चांगली एनव्हीएमई (एसएसडीचा वेगवान प्रकार) असली तरी ती रॅमच्या वेगाच्या जवळपासही जात नाही. मशीन अडखळतं ते तिथे.

आणि एक गोष्ट दुकानातच तपासा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा, खाली 'फॉर्म फॅक्टर' ही ओळ वाचा. 'एसओडीआयएमएम' असेल तर रॅमची पट्टी काढता-घालता येते. 'रो ऑफ चिप्स' असेल तर चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेल्या आहेत. मोकळा स्लॉट वेगळा दिला नसेल तर आज घ्याल तेवढीच रॅम शेवटपर्यंत. एसएसडी मात्र बहुतेक मशीनमध्ये बदलता येते.

खानापूरचा_गडी
दादा, तुमचं सगळं खरं, पण सुरुवातीलाच सोळा कशाला? पहिलं वर्ष फिजिक्स सायकल, केमिस्ट्री सायकल (सगळ्या शाखांचे सामाईक विषय) करण्यात जातं. सी प्रोग्रॅमिंगला ८ जीबी म्हणजे चिक्कार. मोकळा स्लॉट असलेलं ८ जीबी-५१२ चं स्वस्त मशीन घ्यावं आणि तिसऱ्या सेमला गरज पडली की पट्टी टाकावी. आमच्या तालुक्यात बाप उसाचं बिल येईपर्यंत थांबून फी भरतो. आज वाचलेले पाच-सहा हजार त्याला मोठे आहेत.

यळ्ळूरकर
भावा, पैशाची अडचण मला मान्य आहे, ती लहान गोष्ट नाही. पण 'नंतर टाकू' हे गणित आता पूर्वीसारखं बसत नाही. २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव भडकले, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला. आधी दरवर्षी थोडं थोडं स्वस्त व्हायचं, त्याच्या भरवशावर राहू नका. तरीही आठचंच घ्यायचं असेल तर स्लॉट मोकळा आहे का ते बिलाआधी बघा आणि रॅमची पिढी डीडीआर४ की डीडीआर५ ते लिहून घ्या. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

फोटोवाला_निपाणी
सगळे रॅम रॅम करालाय, जागेचं कोण बोलणार? आमच्या धंद्यात आधी जागा. फोर-के व्हिडिओ शंभर मेगाबिटने शूट केला की तासाला ४५ जीबी होतात. एका लग्नात दोन कॅमेरे चार-चार तास चालले तर ३६० जीबी. आणि ५१२ ची एसएसडी विंडोजमध्ये ४७६ च दिसते. त्यातून विंडोज आणि सॉफ्टवेअर वजा करा. लग्नसराईत एका रात्री एक काम उतरवायचं असतं आणि सकाळी दुसऱ्या गावाला निघायचं असतं. मी तर १ टीबीच्या खाली बघतही नाही. शिवाय एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग पडतो, मग तुमची सोळा जीबी काय करणार?

शहापूरची
काका, पण लग्नाचं फूटेज एकट्या लॅपटॉपमध्ये ठेवायचंच कशाला? मी एडिटिंग करते. चालू काम आतल्या ५१२ वर, बाकी सगळं बाहेरच्या दोन डिस्कवर. एसएसडीवरून चुकून डिलीट झालेलं सहसा परत मिळत नाही. ट्रिम नावाची सोय ती जागा मागच्या मागे पुसायला घेते. नवरा-नवरीचा तो दिवस पुन्हा शूट होत नसतो. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर नसेल तर आत १ टीबी असून काय उपयोग? रॅम मात्र बाहेरून जोडता येत नाही.

फोटोवाला_निपाणी
दुसऱ्या प्रतीचं बरोबर आहे ताई, ती मी ठेवतोच. पण मांडवात जनरेटरशेजारी बसून बाहेरची डिस्क लावून काम करून बघा. वायर कुणाच्या तरी पायात येते आणि कॉपी अर्ध्यावर तुटते. मोठी जागा आतच हवी, हे माझं मत बदलत नाही.

कणकुंबीकर
यात क्लाऊडचं नाव कुणी काढू नका एवढीच विनंती. पावसाळ्यात इकडे लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. फाईल हाताशीच पाहिजे.

उद्यमबाग_डिझाइन
आमच्याकडे फाउंड्रीचं काम, पॅटर्न आणि कास्टिंगची थ्रीडी मॉडेलं. मोठी असेंब्ली (अनेक सुटे भाग जोडलेलं मॉडेल) उघडली की १६ सुद्धा भरते, मी ३२ वर काम करतो. पण माझा मुद्दा वेगळा आहे. इथे सगळे नवीन मशीनबद्दल बोलताय. घरोघरी हार्डडिस्कवाले जुने लॅपटॉप पडून आहेत, त्यांचं काय? आमच्या हिशेबाच्या टेबलावर असाच एक होता, टॅली उघडेपर्यंत माणूस चहा पिऊन यायचा. हार्डडिस्क काढून साधी साटा एसएसडी (जुन्या जोडणीवर चालणारी) बसवली. साटाची मर्यादा सेकंदाला साधारण ५५० एमबी, एनव्हीएमईच्या मानाने कमीच, पण हार्डडिस्क शे-दीडशेवर अडते आणि बारक्या फाईलींना त्याहून कितीतरी खाली येते. रॅम तीच ८ ठेवली. आता तो झटक्यात उघडतो.

खानापूरचा_गडी
मी तेच म्हणालोय की! आठात भागतं.

शहापूरची
टॅलीला भागतं, दादा. चार वर्षं बीई करणाऱ्या पोरीला नाही भागणार. आणि जुनं मशीन दुरुस्त करायच्या आधी प्रोसेसर बघा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी तरी लागते. त्याच्या मागच्या मशीनवर पैसे घालताना लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) चालेल का याचा विचार करा.

खानापूरचा_गडी
बरं, एक विचारतो. आठची एक पट्टी आहे, मोकळ्या स्लॉटला पुढे सोळाची टाकली तर चालेल का? की जोडी सारखीच लागते?

उद्यमबाग_डिझाइन
चालेल, मशीन २४ दाखवेल. दोन्हींतल्या आठ-आठचा भाग जोडीने, म्हणजे जास्त वेगाने चालतो, उरलेले आठ एकेरी. डिस्प्ले त्याच रॅमवर असेल तर एका पट्टीपेक्षा फरक जाणवेल. वेग दोन्हींपैकी कमी असलेल्या पट्टीचाच मिळतो, म्हणून घेताना जुन्या पट्टीचा फोटो काढून दुकानात दाखव. आणि मागचं झाकण स्वतः उघडलं तर वॉरंटी राहते का, ते आधी कंपनीला विचारून घे.