दहा मीटर रायफलचा रायझर ब्लॉक: लोकल घ्यावा का इंपोर्टेड?

लेन_चार
आमच्या रेंजवर सध्या सगळीकडे एकच विषय चाललाय, फोरएंडखालचा, म्हणजे रायफलच्या दांड्याच्या पुढच्या भागाखालचा, रायझर ब्लॉक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, उभं राहून एअर रायफल मारताना डावा हात खालून जिथे टेकतो तिथे बसवायचा ठोकळा, त्याने रायफल वर उचलली जाते आणि नेम धरायची साइट डोळ्यासमोर येते, मान वाकवावी लागत नाही. जर्मन ब्लॉक मागवला तर ड्युटी कुरियर धरून दहा हजारांच्या वर जातो आणि इथे वर्कशॉपमधून करून घेतला तर दीड-दोन हजारांत काम होतं.
माझं मत स्पष्ट आहे, स्टेट स्पर्धेत नीट स्कोअर लागेपर्यंत इंपोर्टेड ब्लॉक घेऊच नये. एअर रायफलला धक्का जवळपास नसतोच त्यामुळे ब्लॉकवर मार पडत नाही, त्याने फक्त जागचं हलायचं नाही आणि उंची बदलू द्यायची नाही, बास. तेवढं काम चांगला लोकल ब्लॉक करतो. वाचलेले पैसे चांगल्या पेलेटमध्ये (छर्ऱ्यांमध्ये) आणि अंगावर बसणाऱ्या जॅकेटमध्ये घाला. ढगळं जॅकेट घालून महागडा ब्लॉक लावलेली पोरं रोज बघतो आणि खरंच वाईट वाटतं.

नाशिकची_नेमबाज
अजिबात सहमत नाही. दहाचा ठिपका ०.५ मिमीचा आहे आणि क्वालिफिकेशनच्या फेरीत दशांशात स्कोअर मोजतात, ६० शॉट ७५ मिनिटांत. १०.२ आणि १०.६ मधला फरक अशाच बारीक गोष्टींतून येतो. चांगल्या ब्लॉकवर उंचीच्या खुणा असतात, डावी-उजवीकडे कल देता येतो, पुढेमागे सरकवता येतो, आणि प्रवासात काढून बॅगेत टाकला तरी मॅचच्या सकाळी पुन्हा त्याच खुणेवर आणता येतो. लोकल ठोकळ्याला एकच उंची. पोरगं चौदा वर्षांचं असेल तर सहा महिन्यांत खांदा वर जातो, मग काय दरवेळी नवा ठोकळा करायचा? त्या हिशेबाने एकदाच चांगला घेतलेला स्वस्त पडतो.

उद्यमनगरकर
ताई, एकच उंची असं कोण म्हणालं? मी कोल्हापूरला उद्यमनगरात व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन) चालवतो, पुतण्या एअर रायफल मारतो म्हणून ह्यात पडलो. आम्ही ६०६१ ॲल्युमिनियमचा ब्लॉक करतो आणि सोबत ५ मिमीच्या पट्ट्या देतो, लागतील तेवढ्या मधे टाकायच्या आणि स्क्रूची लांबी बदलायची, झाली ॲडजस्टमेंट. पोरगं वाढलं की पट्टी कमी-जास्त.
खरी गोम उंचीत नाही, रेलमध्ये आहे. रेल म्हणजे फोरएंडच्या खाली जी खाच असते ती, त्यात ब्लॉक धरून ठेवणारा टी आकाराचा नट, टी-नट, सरकतो. तो नट खाचेत ढिला असला की स्क्रू कितीही आवळा, ब्लॉक बारीक का होईना पण डुलतो. स्वस्तातले जे ऑनलाइन मिळतात त्यांचा नट सगळ्या रायफलींना बसावा म्हणून मुद्दाम बारीक ठेवलेला असतो, तिथेच सगळं बोंबलतं. आम्ही पोराची रायफल समोर ठेवून कॅलिपरने खाच मोजतो आणि त्याच मापाचा नट काढतो. घेताना एक करा, ब्लॉक आवळा, ब्लॉक आणि रेल दोन्हीवरून जाईल अशी पेन्सिलची एक रेघ मारा, मग ब्लॉक हातात धरून रायफल जरा पिळून बघा. रेघ तुटली तर माल परत.
आणि थ्रीडी प्रिंटवाले, पीएलए प्लास्टिकचा ब्लॉक मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका राव. साठ अंशांच्या आसपास ते मटेरियल मऊ पडायला लागतं, दुपारच्या उन्हात गाडीत तेवढी गरमी सहज होते. वाकलेला ब्लॉक बघायला सरळच दिसतो पण हाताला कळतं.

पिळदार
नट ढिला तर शॉट उडतो हे नेहमी ऐकतो पण मला पटत नाही. साइट आणि बॅरल एकमेकांना पक्के आहेत, खालचा ब्लॉक थोडा हलला तरी दोन्ही एकत्रच हलणार ना? मग साइटमध्ये दिसतंय तिथेच लागणार.

कोच_पुणे
@पिळदार, अर्धं बरोबर आहे. साइट बिघडत नाही हे खरं. बिघडते पोझिशन. उभ्या पोझिशनमध्ये डावा कोपर कंबरेच्या हाडावर टेकतो आणि वजन स्नायूंवर न येता हाडांवरून खाली जातं. ब्लॉक डुलला की शरीर प्रत्येक शॉटला नकळत थोडं सावरतं, म्हणजे तुमचा नॅचरल पॉइंट ऑफ एम, जोर न लावता रायफल आपोआप जिथे रोखली जाते ती जागा, प्रत्येक शॉटला वेगळी. डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा, साइट दहापासून लांब गेलेली दिसली तर मुलं हाताने ओढून आणतात आणि ट्रिगरच्या क्षणी ती ओढ सुटते. मग दहाऐवजी नऊ लागतो.
पण इंपोर्टेडच हवा हे मला मान्य नाही, आणि इथे कोणी न बोललेली गोष्ट म्हणजे हाताचा आकार. तळहात सपाट ठेवला तर उंची कमी, मूठ करून ठेवली तर जास्त, दोन बोटं पुढे दोन मागे केली तर तिसरीच. ही फुकटातली ॲडजस्टमेंट आहे. मी नवीन मुलाला आधी ब्लॉकशिवाय उभा करतो, मनगट सरळ राहील असा हात ठरवतो, आणि मगच साइट डोळ्याच्या किती खाली राहते ते मोजतो. तेवढ्याच उंचीचा ब्लॉक. मान लांब आणि हात आखूड असलेल्या मुलाला तो जास्त लागतो, हात लांब असेल तर कधी लागतच नाही. उंची न ठरवता आधी ब्लॉक घेणाऱ्याला मी परत पाठवतो, मग तो कुठल्याही देशातला असो.

ठाण्याची_आई
कोच सर, तुमच्यासारखे सगळीकडे असते तर किती बरं झालं असतं. रुद्रांक्ष पाटीलने २०२२ ला कैरोला वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली तेव्हापासून आमच्या भागात रेंजवर जागा मिळत नाही, दोन वर्षांनी स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ आलं आणि गर्दी अजून वाढली. मुलीला एका ठिकाणी घातलं तर तिला नीट उभंही राहता येत नव्हतं तेव्हाच हातात यादी दिली, ब्लॉक, बट प्लेट (खांद्याला टेकते ती), आयरिस (मागच्या साइटचं लहानमोठं होणारं छिद्र), सगळं बाहेरचं, आणि त्यांच्याच ओळखीच्या माणसाकडून घ्यायचं. आम्ही दोघं नोकरी करतो, तरी जीव दडपला. ज्या घरात एकच पगार आहे त्यांनी काय करायचं? पोर हुशार असून केवळ सामानापायी खेळ सोडते हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पंचाच्या_खुर्चीतून
इक्विपमेंट कंट्रोलच्या, म्हणजे मॅचआधी सामान तपासायच्या, टेबलावर बसतो म्हणून लिहितो. लोकल असो की जर्मन, मोजमाप सारखंच. एअर रायफलमध्ये फोरएंडचा सगळ्यात खालचा भाग, म्हणजे ब्लॉक धरून, बॅरलच्या मध्यरेषेपासून १२० मिमीपेक्षा खाली गेला की रायफल फेल. वजन सगळं मिळून ५.५ किलोच्या आत, साइटसकट.
लोकल ब्लॉक उंचीवर क्वचित फेल होतो. फेल होतो तो वर चिकटवलेल्या पट्टीवर. हात घसरतो म्हणून लोक ग्रिप टेप, सॅंडपेपर, सायकलच्या हँडलचं रबर असं काहीही लावून आणतात. फोरएंडला पकड वाढवणारं मटेरियल लावायला परवानगीच नाही. मग मॅचच्या सकाळी मूल रडत टेप खरवडत बसतं आणि मागे लाइन वाढत जाते. कृपया घरीच बघून या.
आणि पन्नास मीटर थ्री पोझिशनचे फोटो दाखवून वाद घालू नका, तिथे पाम रेस्ट (तळहाताखालचा टेकू) चालतो आणि २०० मिमीपर्यंत सूट आहे. तो वेगळा इव्हेंट आहे.

नाशिकची_नेमबाज
पंच साहेबांनी मुद्दाच दिला. हात का घसरतो? कारण ब्लॉकचा वरचा आकार सपाट आणि कडा धारदार. चांगल्या ब्लॉकला तळहाताचा वळसा दिलेला असतो, ग्लोव्ह त्यात बसतो, टेप लागतच नाही. हे पैसे नुसत्या नावाचे नाहीत. ठाण्याच्या ताईंचं दुःख मला कळतं, मीही सुरुवातीला क्लबच्या रायफलवरच शिकले, पण म्हणून चांगल्या वस्तूला वाया म्हणणं चूक. सेकंडहँड घ्या. सीनियर खेळाडू सामान बदलतात तेव्हा जुना ब्लॉक निम्म्या किमतीत मिळतो आणि ॲल्युमिनियमला काय होतंय.

उद्यमनगरकर
वळसा आम्हीही देतो ताई. चार मिमीच्या बॉलनोजने (गोल टोकाच्या कटरने) फिनिश मारला की कडा राहतच नाही. फक्त हाताचा साचा लागतो, क्लेवर ग्लोव्ह घालून हात दाबायचा आणि तो आणून द्यायचा. पण खरं सांगतो, हा प्रोग्राम करायला वेळ जातो, त्याचे पैसे वेगळे घेतो, दीड हजारांत ते होत नाही.

नाशिकची_नेमबाज
मग कितीला?

उद्यमनगरकर
वळशासकट चार हजारांपर्यंत.

लेन_चार
चार हजार म्हणजे सुद्धा निम्म्याच्या खूप खाली. ताई, माझा मुद्दा तोच आहे. सेकंडहँडचं मात्र पटलं, ते मी माझ्या पोरांनाही सांगेन, पण आधी रेल जुळतेय का बघूनच, कारण एका कंपनीचा ब्लॉक दुसरीच्या फोरएंडवर बसेलच असं नाही.
@उद्यमनगरकर, आमच्या रेंजवरच्या पाच-सहा पोरांच्या खाचा मोजायच्या आहेत. कॅलिपरने मी मोजून पाठवल्या तर चालेल का, का रायफलीच घेऊन यायला लागतील?

उद्यमनगरकर
वरची रुंदी, आतली रुंदी, आतली खोली आणि खाचेच्या ओठाची (वरच्या कडेची) जाडी, चार मापं दोन-दोन जागी घ्या, पुढे एक मागे एक. ॲनोडायझिंगचा (ॲल्युमिनियमवरच्या रंगीत लेपाचा) थर धरूनच मोजा, तो खरवडू नका. एका पोराचा नट आधी करून पाठवतो, तो पेन्सिलच्या रेघेला टिकला तर बाकीचे काढू.